न्हाणीसकट महिला भवन

आमच्या बीडमध्ये आर्किटेक्टला ‘नकाशावाला’ म्हणतात. मी बाई असल्यामुळे ‘नकाशावाल्या म्याडम’. लोक येतात, चपला दाराबाहेर काढतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी म्हणतात, “म्याडम, एक नकाशा द्या.” जणू मी झेरॉक्सचं दुकान टाकून बसलेय. घर त्यांचं ठरलेलं असतं, पुष्कळदा अर्धं बांधूनही झालेलं असतं. नगरपालिकेला आणि बँकेला दाखवायला कागद लागतो, म्हणून माझी आठवण होते. जिना कुठून घ्यायचा ते मेव्हणा सांगतो, संडास कुठे नको ते वास्तुवाला सांगतो आणि त्यातून जी काही जागा उरेल तिथे माझी कला. एका गिऱ्हाइकाला गच्चीवर सिमेंटचं विमान हवं होतं, कारण ते स्वतः एकदा विमानातून आले होते. मी विमान बसवून दिलं. अजून आहे. त्यावर कबुतरं उतरतात.

अशा कामांत आयुष्य गेलं तरी माझी तक्रार नव्हती. पण या धंद्यात खरं अवघड काय असतं, ते मला एका लहानशा इमारतीनं शिकवलं. इमारत उभी करणं अवघड नसतं. जो ती मागतो, जो तिचे पैसे देतो आणि जो ती वापरणार असतो, ही तीन माणसं एका जागी बसवणं अवघड असतं. बहुतेक वेळा तिसरं माणूस बैठकीला बोलावलेलंच नसतं.

ती इमारत धारूरच्या घाटाखालच्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथले सरपंचपती अजून माझा फोन उचलतात, ते चालू राहावं अशी इच्छा आहे.

पुण्याच्या एका संस्थेला मराठवाड्यात ‘ग्रामीण महिलांसाठी शाश्वत समुदाय केंद्र’ बांधायचं होतं. संस्थेतर्फे अद्वैत नावाचा तरुण माझ्याकडे आला. मुलगा मनाचा चांगला, कपडे हातमागाचे, बोलताना दोन्ही हात हवेत. म्हणाला, “मॅडम, आपल्याला बिल्डिंग नको आहे. आपल्याला एक स्पेस हवी आहे. तिनं ब्रीद केलं पाहिजे.”

मी म्हटलं, “करू. पण आधी गावात जाऊन विचारू, कोणाला काय हवंय.”

“अर्थात! सहभाग तर कोअर आहे,” तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडून मला तयार चित्र दाखवलं. मध्ये मोकळं अंगण, त्याला अर्धगोल पायऱ्यांचं अॅम्फीथिएटर, एका बाजूला वाचनकट्टा, दुसऱ्या बाजूला डिजिटल कोपरा. दारं कुठेच नव्हती. दारं म्हणजे अडथळा, असं त्याचं मत होतं.

पहिली बैठक मारुतीच्या पारावर झाली. महिला केंद्राची बैठक म्हणून गावातले सगळे पुरुष आले होते. खुर्चीवर आश्रुबा बसले होते. गाव त्यांना सरपंच म्हणे. खऱ्या सरपंच त्यांच्या बायको, मंदाताई. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा आश्रुबांनी त्यांना उभं केलं होतं. त्या मागे भिंतीला टेकून, पदर ओढून बसल्या होत्या. त्यांच्यासोबत शेजारच्या दोघीतिघी. मी विचारलं, “गावातल्या बायकांना केंद्रात काय काय असावं वाटतं?”

आश्रुबा म्हणाले, “बायकांना सभामंडप पायजे.”

दुसरे एक म्हणाले, “बायकांना कमान पायजे. साहेबांचा फोटो बसंल एवढी.”

एका म्हाताऱ्यांनी अद्वैतला विचारलं, “शाश्वत म्हंजी काय बरं?”

अद्वैत खुलला. “आजोबा, शाश्वत म्हणजे जे टिकतं. दगड, माती, चुना. आपली परंपरा.”

“मातीचं घर आमी पाडलं अन् घरकुल बांधलं,” आजोबा म्हणाले. “आता तुमी पुण्याहून येऊन परत माती कावून आणायलेत? टिकायचं तर स्लॅब टाका की.” मग चित्रातल्या अर्धगोल पायऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, “अन् ह्या पायऱ्या कुटं जात्यात?”

“कुठे जात नाहीत. त्यांच्यावर बसायचं.”

आजोबांनी पाराकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे पाहिलं.

मग मी एकटी गेले. संध्याकाळच्या आधी, बायका शेतातून परतून नळावर येतात त्या वेळी. गावातली बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दिवाळी झाली की घराला कुलूप आणि सगळं बिऱ्हाड कारखान्याच्या फडावर, ते पार उन्हाळा चढेपर्यंत. कौशल्याबाई त्यातल्याच. बौद्ध वस्तीतल्या, नवऱ्यासोबत कोयता धरून आयुष्य काढलेल्या, आवाज असा की नळाच्या रांगेत भांडण व्हायचं असेल तर आधी त्यांच्याकडे पाहून घ्यावं. त्यांनी घागर खाली ठेवली.

“खरं सांगू का? आमाला न्हाणी बांधून द्या.”

“न्हाणी?”

“वर छप्पर, चार भिती अन् दार. आमी चार लाकडं रवतो, त्याला जुनं लुगडं बांधतो, अन् त्याच्याआड आंगुळ करतो. वारं आलं की लुगडं कुटं, अन् आमी कुटं. आंगावरचं काढायची सोय न्हाई. भिजल्या लुगड्यावर दुसरं गुंडाळायचं अन् पळायचं.”

बाकीच्या हसल्या, पण नाही कोणी म्हणालं नाही. गावात शिवणकाम करणाऱ्या शहनाजबी तिथेच उभ्या होत्या. नवरा वारल्यापासून एका मशीनवर घर चालवत होत्या. त्या म्हणाल्या, “म्याडम, वाचनकट्टा बी द्या, कंपूटर बी द्या. पन न्हाणी पयली द्या.”

अद्वैतला फोन केला. त्यानं ते आधी लिहून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, बाथरूम म्हणजे… ते प्रपोजलमध्ये कसं दिसेल? देणगीदारांना कम्युनिटी दाखवायची आहे.”

तेव्हा मी माझ्या व्यवसायातली सगळ्यात जुनी युक्ती वापरली. नगरपालिकेत कित्येक दुकानांचे गाळे मी ‘पार्किंग’ म्हणून पास होताना पाहिले होते. न्हाणीला मी ‘जलस्वास्थ्य कक्ष’ लिहिलं. पाणी तापवायच्या चुलीला ‘पारंपरिक ऊर्जा केंद्र’. मागच्या धुण्याच्या दगडाला ‘संवादपीठ’. दाराला दार म्हणायची सोय नव्हती, म्हणून ‘नियंत्रित खुलेपणा’. आराखडा पुण्याहून मंजूर होऊन आला. शेरा होता: ‘जलस्वास्थ्य कक्षाची संकल्पना विशेष भावली.’

बांधकाम सुरू झालं. भिंती गावच्याच काळ्या दगडाच्या, जाड, चुन्यात बांधलेल्या. छताला मी स्लॅबच टाकायचं ठरवलं, आजोबांचं मन राखायला आणि माझंही. पण वेगळा. स्लॅबच्या खालच्या बाजूचं काँक्रीट बहुतेक ठिकाणी नुसतं वजन असतं, फार काम करत नाही. तिथे लोखंडी सळयांच्या मधल्या जागेत मातीची मडकी उलटी मांडून ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. सिमेंट कमी लागतं आणि मडक्यातली कोंडलेली हवा उन्हाची धग आत येऊ देत नाही. कुंभाराच्या गाडीतून मडकी उतरायला लागली आणि गाव गोळा झालं.

आश्रुबा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “म्याडम, मडकं आमी एकाच टायमाला धरतो. ते बी खांद्यावर. तुमी तर डोक्यावर एवढी उलटी टांगायलेत.”

काम थांबलं. मिस्तरी म्हणाले, गाव म्हणेल तसं. अद्वैत फोनवर म्हणाला, हे सांस्कृतिक संवेदनशीलतेचं प्रकरण आहे, आपण एक कार्यशाळा घेऊ. कार्यशाळा होईपर्यंत सळया गंजल्या असत्या. मी मडक्यांच्या ढिगाशेजारी हताश उभी होते. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

“संक्रांतीला सुगडं पूजितो, ती काय तांब्याची असत्यात का?”

मंदाताई होत्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटतं, गावानंही. बायका हसल्या. एकीनं पुढे होऊन मडक्याला हळदीकुंकवाची बोटं लावली, शहनाजबींनी पदरानं एक मडकं पुसून दिलं. मिस्तरी पुन्हा कामाला लागले. आश्रुबा मात्र बायकोकडे असे पाहत राहिले, जणू घरातलं कपाट अचानक बोललं असावं.

इमारत छान झाली. मी माझ्या कामाबद्दल सहसा असं म्हणत नाही, विमानाबद्दल तर नाहीच. उंच झरोक्यांतून वारा खेळायचा, पावसाचं पाणी छतावरून जमिनीतल्या टाकीत जायचं, दगड दिवसभर थंड राहायचे. फक्त उद्घाटन राहिलं होतं.

उद्घाटनाला मोठे साहेब हवे होते. साहेबांची तारीख मिळाली ती पौषातली. मी आश्रुबांना म्हटलं, “त्या वेळी गावात बायका कुठे असतात? सगळ्या फडावर गेलेल्या असतात. उन्हाळ्यात घेऊ.”

“म्याडम, बायका काय, कदी बी येत्यात. साहेब परत भेटत न्हाईत.”

तर महिला केंद्राचं उद्घाटन ठरलं आणि गावात महिला नव्हत्या. म्हाताऱ्या होत्या, शहनाजबी होत्या, मंदाताई होत्या. तेवढ्यानं मांडव भरत नाही. मग तालुक्याहून बचत गटाच्या बायकांची बस आली. संस्थेनं सगळ्यांना एकसारख्या फिक्या हिरव्या साड्या दिल्या होत्या. फीत कापायची कात्री आधी मंदाताईंच्या हातात दिली गेली, त्यांच्या हातून आश्रुबांच्या हातात आणि आश्रुबांनी ती साहेबांना दिली. साहेब भाषणात म्हणाले, “या गावातल्या माझ्या मायमाउल्यांच्या चेहऱ्यावरचा हा आनंद पाहून मी भारावलो आहे.” माझ्या शेजारची हिरव्या साडीतली बाई वाकून मला विचारत होती, “ताई, हे गाव कोणतं म्हनायचं?”

त्यानंतर मी गेले ती चैत्रात. टाकीच्या नळाची गळती पाहायची होती. बाहेर नजर ठरत नव्हती असं ऊन, आणि केंद्राच्या आत मन प्रसन्न व्हावं असा गारवा. त्या गारव्यात गावात मागे राहिलेले झाडून सगळे पुरुष आडवे पडले होते. वाचनकट्ट्यावर पत्त्यांचा डाव रंगात आला होता. डिजिटल कोपऱ्यात कोणाच्या तरी घरकुलाची सिमेंटची पोती होती, अॅम्फीथिएटरवर मोटरसायकली. जलस्वास्थ्य कक्षात सरकी पेंडीचा ढीग. साहेबांचा फोटो असलेलं बॅनर अंथरून तिघं घोरत होते.

आश्रुबा उठून बसले. “या म्याडम! लई गार हाय बरं का. असलं बांधकाम जिंदगीत बगितलं न्हाई. मडक्याची आयडिया एक नंबर.”

इतकं मनापासून कौतुक माझ्या कामाचं आजवर कोणी केलेलं नव्हतं. चांगलं बांधलं होतं, हाच घोटाळा होता. वाईट बांधलं असतं तर ते बायकांना तरी उरलं असतं. मी म्हटलं, “आश्रुबा, हे महिला केंद्र आहे.”

“हो तर. महिला आल्या की रिकामं करून देऊ की.”

मी नळ पाहायला मागे गेले. अजून वॉशर बदलून झाला नव्हता तोच ट्रॅक्टरचा आवाज आला. ऊसतोडीची टोळी परतली होती. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यांच्यावर माणसं. ट्रॅक्टर केंद्रासमोर थांबला. आधी कौशल्याबाई उतरल्या, मग त्यांनी हात देऊन सुनेला उतरवलं. अश्विनी तिचं नाव. तोंड बांधलेलं, अंग तापानं फणफणलेलं, आणि छातीशी धडुत्यात गुंडाळलेलं इवलंसं मूल. फडावरच्या कोपीतच बाळंत झाली होती. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचं खोपट, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही असं. घरी नेऊन उपयोग नव्हता. पत्र्याचं घर, दिवाळीपासून बंद, आत भट्टी झालेली.

कौशल्याबाई केंद्राच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“उटा.”

डावातला एक जण पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाला, “काय झालं?”

“बाळंतीन हाय. उटा.”

गावाकडच्या पुरुषाला आगीची भीती वाटत नाही, पुराची वाटत नाही, पण बाळंतीण म्हटलं की पळता भुई थोडी होते. पत्ते टोपीत गेले, बॅनरवरचे तिघे टुणकन उठले. एक जण “शाळेत न्या की हिला” असं पुटपुटला, पण बाहेर जाता जाता.

मंदाताईंना कोणी सांगितलं माहीत नाही. पाण्याचा हंडा काखेत घेऊन त्या आल्या. आश्रुबा ओसरीवर उभे होते. म्हणाले, “दोन-चार रोज राहू द्या हिला. आमी हिकडं निम्म्यात बसतो. मग बगू.”

मंदाताईंनी हंडा खाली ठेवला. “तुमी बगनारे कोन?”

“म्हंजे? मी सरपंच…”

एवढं म्हणून आश्रुबा थांबले. त्यापुढचा ‘पती’ हा शब्द त्यांनी आजवर कधी तोंडातून काढलेला नव्हता. ट्रॉलीतल्या बायका उतरून जवळ आल्या होत्या.

“पुडं बोला की,” मंदाताई म्हणाल्या.

एक बाई फसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. आश्रुबांनी मोटरसायकलची किल्ली शोधायला खिसे चाचपले. ती पायऱ्यांवरच्या गाडीलाच होती. गाडी उतरवताना त्यांना दोघांचा हात लागला, कारण अॅम्फीथिएटरवर गाडी चढवणं सोपं आणि उतरवणं अवघड, हे मी आराखड्यात धरलं नव्हतं.

शहनाजबींनी पेंडीची पोती ओढून बाहेर टाकली. न्हाणी धुतली, चुलीवर पाणी ठेवलं. डॉक्टरीण तालुक्याहून आली, तपासून औषध दिलं. ताप उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी, कौशल्याबाईंनी सुनेला न्हाऊ घातलं. मी त्या रात्री मंदाताईंच्याच घरी राहिले होते, म्हणून सकाळी तिथे होते. दार आतून लावलेलं. खाली फटीतून वाफ येत होती आणि पाण्याचा आवाज. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. कोणी हाकही मारली नाही. बाळ शहनाजबींच्या मांडीवर झोपलं होतं.

कौशल्याबाई ओले हात पुसत बाहेर आल्या. “टोळीवर गेल्यापासून पोरगी आज समदं लुगडं सोडून न्हाली,” त्या म्हणाल्या. “रडायली आत. रडू द्या.”

पुरुषांनी मग रीतसर निषेध केला. गावात पुरुषांसाठी काहीच नाही, असा अर्ज त्यांनी पुण्याच्या संस्थेला पाठवला आणि ‘पुरुष सबलीकरण केंद्र’ मागितलं, शक्यतो मडक्यांच्या स्लॅबचं. अद्वैतनं मला कळवलं की मागणीत तथ्य आहे का, यावर विचार चालू आहे. अजून चालू असावा.

पुन्हा दिवाळी आली. मला वाटलं होतं, आता परत कुलूप आणि परत पत्ते. निघायच्या आधी कौशल्याबाई मंदाताईंच्या दारात गेल्या. त्यांची नात सातवीत होती. फडावर नेली की शाळा सुटणार, मागे ठेवावी तर कोणाजवळ? बऱ्याच घरांचं हेच. अशा मुलींची शाळा सुटते आणि मग लवकरच लग्न लागतं, हे सांगायला कोणी लागत नाही. मंदाताईंनी ग्रामसभेत ठराव घेतला. स्वतः वाचला, अडखळत वाचला. फडावर जाणाऱ्यांच्या मुली केंद्रात राहतील, शाळेत जातील, सोबतीला शहनाजबी. आश्रुबा समोर बसले होते, त्यांनी हात वर केला. विरोधाला की पाठिंब्याला ते त्यांनाही नक्की माहीत नसावं, पण मंदाताईंनी पाठिंब्यात धरला.

म्हणून आता ऐन ऊसतोडीत ती इमारत भरलेली असते. वाचनकट्ट्यावर गोधड्या, डिजिटल कोपऱ्यात शहनाजबींचं मशीन, चुलीवर पिठलं. मुलींच्या पेट्या ठेवायला जागा नाही, माळा हवा होता. एवढ्या मुलींना एक न्हाणी कमी पडते, सकाळी रांग लागते. मी तिथे जाते तेव्हा हे सगळं डोळ्यांत खुपतं. इमारत ज्या कामाला खरी लागली ते काम आमच्या कुठल्याच चित्रात नव्हतं.

संस्थेनं केंद्राचं नाव एका मोठ्या बक्षिसासाठी पाठवलं. फोटो काढायला अद्वैत एका छायाचित्रकाराला घेऊन आला. दिवस हिवाळ्यातला, ऊन सौम्य, दगड सुरेख दिसत होते. पण अंगणभर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर फ्रॉक, परकर, सलवारी, रिबिनी वाळत घातलेल्या. छायाचित्रकार म्हणाला, “हे जरा काढून घेता येईल का? वास्तूची रेषा तुटते.”

मंदाताई म्हणाल्या, “वले हायत. काडायचा तर आसाच फोटू काडा, न्हाई तर च्या पिऊन जावा.”

त्यानं फोटो काढला, चहाही घेतला.

बक्षीस मिळालं. गुळगुळीत कागदाच्या अंकात अख्खं पान फोटो आला. खाली ओळ होती: ‘प्रांगणात मांडलेले स्थानिक वस्त्रकलेचे प्रदर्शन.’

उन्हाळ्यात टोळ्या परतल्यावर मी तो अंक घेऊन गावात गेले. कौशल्याबाईंनी हात लुगड्याला पुसून तो मांडीवर घेतला. “काय लिव्हलंय खाली?” मी वाचून दाखवलं.

“आमच्या पोरींच्या फ्रॉकाचं परदर्शन!” त्या पोट धरून हसल्या. मग अंक डोळ्यांजवळ नेऊन सगळं पान हळूहळू पाहत राहिल्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

“ह्यात पोरी कावून न्हाईत एक बी?”

“फोटो दुपारचा आहे. सगळ्या शाळेत गेल्या होत्या.”

“मग बराबर हाय,” कौशल्याबाई म्हणाल्या आणि अंक मिटून त्यांनी माझ्या हातात दिला.